पिंपातले उंदीर आणि मराठी वाचक

शहरी जगण्याचे भकास रूप दाखवणारी एक छोटीशी कविता १९४६ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांत खळबळ उडाली. कोणी नाक मुरडले, कोणी चेष्टा केली, कोणी 'काही कळले नाही' म्हणून मासिक बाजूला ठेवले. तरीही ती कविता विसरली गेली नाही. असे का झाले?

शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाला पुणे आठवते. पण बंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे. एके काळच्या लष्करी छावणीचा हा बाजारभाग. बसस्थानकाबाहेर पाऊल टाकले की गर्दीच माणसाला रसेल मार्केटच्या दिशेने ढकलत नेते. फळे, फुले, मासळी, मटण, कापड, जुन्या मोटारींचे सुटे भाग, काय हवे ते इथे मिळते. तमिळ, उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे बस धरण्यासाठी धावत असतात. कोणाचा चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही.

या भागाचे जुने नाव ब्लॅकपल्ली. शिवाजीनगर हे नाव स्वातंत्र्यानंतरचे. बंगळूर कधी काळी शहाजीराजांची जहागीर होती, त्यामुळे हे नाव तिथे अगदीच परके नाही. मात्र या वस्तीची एक आठवण वेगळी आहे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात प्लेग शिरला. शहर आणि छावणी दोन्हीकडे हजारो माणसे दगावली. छावणीतल्या दाट वस्तीतली माणसे हलवण्यासाठी पुढे जवळच फ्रेझर टाऊन वसवण्यात आले. नगरपालिकेचे अभियंता जे. एच. स्टीफन्स यांनी तिथल्या घरांची आखणी उंदरांना कुठेही थारा मिळू नये अशा बेताने केली. बंगळुरात 'प्लेगअम्मा'ची देवळे आजही आहेत.

घर बांधताना माणसाच्या आधी उंदराचा विचार करावा लागला, असा तो काळ होता. महाराष्ट्रातही तेच. मुंबईत १८९६ साली आणि पुण्यात त्यापाठोपाठ प्लेग आला. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या हुबळीला प्लेगनेच गेले. वय अवघे एकोणचाळीस. त्या काळी घरात 'उंदीर पडला' की लोक चुलीवरचे भांडे उतरवून, पोराबाळांना घेऊन गावाबाहेर माळावरच्या झोपडीत राहायला जात. मेलेला उंदीर ही मरणाची पहिली वर्दी होती.

ज्या कवितेची ही गोष्ट आहे, तिच्या पहिल्या वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी हे सारे पाहिले होते किंवा आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले होते. आणि त्यांच्या हातात आलेली कविता होती मेलेल्या उंदरांवरची!

बडोद्याचे मासिक, मुंबईचा कवी

कवीचे नाव बाळ सीताराम मर्ढेकर. जन्म १ डिसेंबर १९०९, खानदेशातल्या फैजपूरचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण झाल्यावर आय. सी. एस.च्या परीक्षेसाठी ते १९२९ साली लंडनला गेले. परीक्षा काही पदरात पडली नाही, पण युरोपातले नवे साहित्य, नवी चित्रकला आणि नवे विचार घेऊन ते १९३३ साली परतले. काही काळ त्यांनी इंग्रजी शिकवले आणि १९३८ पासून आकाशवाणीत नोकरी धरली.

१९३९ साली त्यांचा 'शिशिरागम' हा पहिला संग्रह निघाला. त्यातली कविता हळवी, नाजूक, प्रेमातल्या निराशेची होती. बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वाटेने जाणारा हा कवी वाचकांना आपला वाटला. त्यामुळे पुढे जे घडले त्याचा धक्का दुप्पट बसला.

बडोद्याहून पु. आ. चित्रे 'अभिरुचि' नावाचे मासिक काढीत. नव्या लेखकांना त्यात मोकळी जागा असे. याच मासिकात १९४६ साली मर्ढेकरांची उंदरांची कविता आली. विषय साधा. पाण्याने ओल्या झालेल्या एका पिंपात उंदीर मरून पडले आहेत. कोणी मान पिरगळली नाही, तरी माना लुळ्या पडल्या आहेत. एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला लागले आहे, पण त्यात ओढ नाही. बिळात कसेबसे दिवस काढलेले हे दीन जीव पिंपात येऊन संपले. जगणे त्यांच्या हाती नव्हते आणि मरणेही नव्हते. एवढेच.

कवितेला नावही नव्हते. पुढे १९४७ साली 'काही कविता' हा संग्रह निघाला, तेव्हा त्यातही कवितांना शीर्षकांऐवजी नुसते क्रमांक होते. शीर्षकाचे बोट धरून कवितेत शिरायची सवय असलेल्या वाचकाला हाताशी काहीच मिळेना.

किळस, चेष्टा आणि कोडे

पहिली प्रतिक्रिया किळसेची होती, आणि ती प्रामाणिक होती हे मान्य केले पाहिजे. त्या काळचा मराठी वाचक कवितेकडे काय मागत होता? चंद्र, प्रीती, देशभक्ती, आईची माया. रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन दाखवून ती घरोघरी नेली होती. ग्रामोफोन आणि रेडिओवरून भावगीते ऐकू येत होती. कविता ही दिवसभराच्या शिणानंतर मनाला विसावा देणारी वस्तू होती. अशा वेळी मोरीतला मेलेला उंदीर कोणी ताटात आणून वाढावा, तसे अनेकांना वाटले.

दुसरी प्रतिक्रिया चेष्टेची. मर्ढेकरांच्या आणि एकूणच नवकवितेच्या विडंबनांना ऊत आला. यातही नवे काही नव्हते. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेची यथेच्छ टिंगल केली होती. म्हणजे जी कविता १९४६ च्या वाचकाला 'खरी कविता' वाटत होती, तीही वीस वर्षांपूर्वी हसण्यावारी नेली गेली होती.

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत जास्त काळ टिकली. ती म्हणजे 'कळले नाही'. 'दुर्बोधता' हा शब्द त्या काळात मराठी मासिकांतून इतका गाजला की नवकविता म्हटले की हा शब्द आपोआप पाठोपाठ येई. मजा अशी की या कवितेत अवघड शब्द फारसे नाहीत. पिंप, उंदीर, बीळ, मान, डोळे, ओठ हे शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. अडखळायला होते ते शब्दांच्या जागेमुळे. 'ओल्या' हे विशेषण पिंपाचे आहे. पण कवीने ते पिंपापासून तोडून उंदरांच्या शेजारी नेऊन ठेवले आहे. वाचणारा आधी चुकतो, मग थांबतो, मागे येतो. पिंप ओले की उंदीर ओले, या घोटाळ्यात दोघेही भिजून जातात.

असाच आणखी एक शब्द बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेले हे कृत्रिम द्रव्य. त्या काळातले रेडिओचे खोके, टेलिफोन, विजेची बटणे त्याची असत. रेडिओत नोकरी करणाऱ्या या कवीने हा कारखान्यातला शब्द उचलून ओठांवरच्या मधाला लावला. प्रेमकवितेतला मध आता खरा राहिला नाही, तो साच्यातून निघाला आहे, असे सुचवायला त्यांना तो एक शब्द पुरला. मराठी कवितेत असा शब्द येऊ शकतो, हेच वाचकांना नवे होते.

ज्याचे त्याचे पिंप

'कळले नाही' म्हणून सगळ्यांनी कविता सोडून दिली असती तर विषय तिथेच संपला असता. पण तसे झाले नाही. न कळलेली कविता लोकांना छळत राहिली आणि जो तो तिच्यात आपापला अनुभव शोधू लागला.

साल १९४६ होते हे विसरून चालणार नाही. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. हिटलरच्या छळछावण्यांत माणसे कशी कोंडून मारली, त्याच्या बातम्या आणि छायाचित्रे जगभर पोचली होती. हिरोशिमा आणि नागासाकीला वर्ष होत होते. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. अनेकांना पिंपातले उंदीर म्हणजे युद्धाने आणि यंत्रयुगाने ढिगाने मारलेली माणसे वाटली.

मुंबईच्या वाचकाला एवढे दूर जायची गरज नव्हती. १९४१ च्या शिरगणतीत सुमारे १५ लाख असलेली मुंबई शहराची वस्ती १९५१ पर्यंत २३ लाखांवर गेली. शहर तेवढेच आणि खोल्याही तेवढ्याच. १९४३ पासून धान्यासाठी रेशनच्या रांगा सुरू झाल्या. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत बोटीवरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे क्षणात गेली. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जण, सामायिक संडास, सकाळची लोकल, साहेबाची बोलणी, पुन्हा संध्याकाळची लोकल. अशा वाचकाला 'बिळात जगणे' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते.

आणि गृहिणी? चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळच येई. ते पिंपात भरून ठेवावे लागे. झाकण राहिले तर सकाळी पिंपात उंदीर तरंगताना दिसे. सापळ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवून मारायची रीतही घरोघर होती. ते काम बहुधा घरातल्या बाईच्या नाहीतर मोठ्या मुलाच्या वाट्याला येई. टीकाकारांनी या कवितेत युद्ध पाहिले, यंत्रसंस्कृती पाहिली. पण जिने पिंजरा पाण्यात धरून तो बुडबुड आवाज ऐकला आहे आणि तोंड फिरवले आहे, तिला ही कविता कोणत्याही टीकाकाराच्या आधी उमगली असेल.

काहींना तिच्यात मोडलेली प्रेमकविता दिसली. ओठांना ओठ मिळण्याची प्रतिमा प्रेमकवींची लाडकी. मर्ढेकरांनी ती मेलेल्या उंदरांना बहाल केली. शेवटी त्या उंदरांना जणू न्हाऊ घातल्याचा उल्लेख येतो. आपल्याकडे आंघोळ नवरीलाही घालतात आणि प्रेतालाही. हे दोन्ही अर्थ एकाच वेळी जाणवले की वाचणारा गप्प होतो.

यांपैकी बरोबर अर्थ कोणता? वाचकांनी गेल्या ऐंशी वर्षांत दिलेल्या उत्तरांवरून एवढे नक्की म्हणता येते की, या कवितेला एकच एक किल्ली नाही. ज्याने त्याने आपापले पिंप पाहिले, आणि प्रत्येकाला दिसलेले पिंप खरे होते.

कोर्टाची पायरी

नापसंती केवळ मासिकांतल्या वादापुरती राहिली नाही. 'काही कविता' या संग्रहावर १९४८ साली अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. ज्या माणसाची पहिली कविता घराघरांत हळवेपणाने वाचली गेली, तो सरकारी नोकरीतला माणूस आरोपी झाला. खटला लांबला. १९५२ साली मर्ढेकर निर्दोष सुटले. मधल्या काळात, १९५१ साली, त्यांनी 'आणखी काही कविता' प्रसिद्ध केल्या होत्या. लिहिणे थांबले नव्हते.

२० मार्च १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय फक्त सेहेचाळीस. त्याच वर्षी 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला ते नव्हते. ज्या कवितेने एवढे रणकंदन झाले ती पुढे महाविद्यालयांतून शिकवली गेली, तेही त्यांनी पाहिले नाही. विजया राजाध्यक्ष यांनी मर्ढेकरांच्या कवितेवर लिहिलेला ग्रंथ १९९१ साली निघाला. त्याला १९९३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा मान कवीला समीक्षेसाठी मिळाला आणि त्याच्या कवितेला दुसऱ्याने केलेल्या समीक्षेतून, असा हा योग.

लंडनचे वाचक, बंगळूरचे वाचक

हे सारे फक्त मराठी वाचकाच्या बाबतीत घडले असे समजायचे कारण नाही. टी. एस. एलियट यांची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली. लंडनच्या धुक्यातून कामावर जाणारी निर्जीव गर्दी तिच्यात आहे, आणि उंदीरही आहेत. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने १९२३ साली आपल्या पहिल्याच अंकात ही कविता म्हणजे वाचकांची थट्टा असल्याची वदंता छापली. पुढे याच कवितेला सगळ्या पिढीच्या निराशेचा उद्गार म्हटले गेले. एलियट यांनी मात्र, ती आपली आयुष्याविषयीची खाजगी कुरकुर होती, अशा अर्थाचे सांगून हात झटकले. मर्ढेकर लंडनला पोचले तेव्हा या कवितेला सातच वर्षे झाली होती.

आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही तोच प्रकार. गोपालकृष्ण अडिग यांनी १९५० च्या दशकात कन्नड कवितेला 'नव्य' वळण दिले. 'चंडे मद्दले' १९५४ मध्ये आणि 'भूमिगीत' १९५९ मध्ये आले. त्यांच्याविषयीही दुर्बोध, परके, पाश्चात्त्यांचे अनुकरण असे आक्षेप निघाले. पुढे १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'वर्धमान' या संग्रहाला मिळाला. अडिग १९९२ साली बंगळुरातच वारले. शहर बदलले, भाषा बदलली, तरी वाचकांचे पहिले उद्गार बदलले नाहीत.

मराठीत तर मर्ढेकरांनी उघडलेल्या वाटेने शहर थेट कवितेत शिरले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ अशी नावे पुढे आली. यांतले दिलीप चित्रे हे 'अभिरुचि'चे संपादक पु. आ. चित्रे यांचे चिरंजीव. मराठी कवितांचे जे इंग्रजी संकलन त्यांनी १९६७ साली काढले, त्याची सुरुवात त्यांनी १९४५ या सालापासून, म्हणजे मर्ढेकरांच्या काळापासून केली.

ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा त्याला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. तेंडुलकरांसारखा नावाजलेला लेखक तिथे मोकळेपणाने कबूल करतो की यातले अनेक शब्द आपल्याला ठाऊक नव्हते आणि आपण ते कवीला विचारून घेतले. 'कळले नाही' हे तेंडुलकरांनीही म्हटले. पण त्यांनी पुस्तक मिटले नाही, प्रश्न विचारला.

चाल मात्र ओळखीची

उंदरांची ही कविता नुसती डोळ्यांनी वाचली तर भयाण वाटते. मोठ्याने म्हटली तर वेगळाच अनुभव येतो. तिची प्रत्येक ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांची आहे. पादाकुलक नावाचे हे वळण मराठी कानाला पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीचे. ओळ हातावर ताल धरायला लावते, आणि ताल धरून आपण काय म्हणतो आहोत हे लक्षात येताच हात थबकतो.

हे काही योगायोगाने झालेले नाही. मर्ढेकर सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक होते. कलाकृतीत संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी लय साधते, असे त्यांचे म्हणणे होते. गोड चाल आणि कडू मजकूर हा त्यातला विरोध. तो असल्यामुळेच कविता नुसती किळसवाणी होत नाही.

त्यांची दुसरी एक कविता शहरातल्या नोकरदाराचा दिनक्रम चक्क संतांच्या अभंगाच्या वळणाने सांगते. सकाळचा चहा, लोकल, साहेबापुढची लाचारी, सारे जणू नित्यपाठासारखे. हसू येते आणि मग आपलाच दिवस आठवून ते ओठांवर विरते. दुसरीकडे याच कवीने माघातल्या सकाळच्या मुंबई बंदराचे इतके टवटवीत चित्र काढले आहे की हाच तो उंदरांचा कवी यावर विश्वास बसू नये. आपल्या मनाचा कठीणपणा फुटून जावा, अशी प्रार्थनाही त्यांनी लिहिली. जो शहराचा नुसता तिरस्कार करतो तो असे लिहीत नाही.

घरात अशी कविता वाचावी का?

महाविद्यालयात जाणारी मुलगी पुस्तक उघडून विचारते, 'बाबा, ही उंदरांची कविता म्हणजे काय हो?' आणि बाबा उत्तर शोधू लागतात. अनेक आई-वडिलांना वाटते की आधीच जगात दुःख काय कमी आहे, त्यात मुलांना असली उदास कविता कशाला वाचायला द्यायची?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु उदास कविता आणि माणसाला उदास करणारी कविता यांत फरक आहे. लोकलमध्ये चेंगरून आलेल्या माणसाला 'जीवन किती सुंदर आहे' असे सांगितले तर तो चिडतो. त्याला 'तुझी दशा मला दिसते आहे' असे कोणी म्हटले तर त्याला बरे वाटते. उंदरांच्या कवितेत कवी उंदरांना हसत नाही, शिव्या देत नाही. त्या बिचाऱ्यांबद्दल त्याला कळवळा आहे. उंदीर म्हणजे घरात घाण करणारा, धान्य नासणारा, प्लेग आणणारा शत्रू. अशा शत्रूच्या मरणाकडेही जो थांबून पाहतो, तो माणसाच्या मरणाकडे कसा पाहत असेल?

तेव्हा मुलीला अर्थ सांगायची घाई न केलेली बरी. कविता दोघांनी एकदा मोठ्याने म्हणावी. कोणता शब्द खटकला ते एकमेकांना सांगावे. आजी घरात असतील तर त्यांना प्लेगच्या, रेशनच्या, चाळीतल्या पाण्याच्या ऐकलेल्या गोष्टी विचाराव्यात. कोणाला काहीच वाटले नाही तर तसेही सांगावे. 'आवडली नाही' हे उत्तरही चालते, मात्र ते वाचल्यानंतरचे असावे.

उंदीर आपल्या शहरांतून गेलेले नाहीत. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. शंभर वर्षांपूर्वीची भीती एका रात्रीत परतली. मुंबई महापालिकेने रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार ठेवले, आणि एका रात्रीत तीस उंदीर मारून दाखवायचे असा दंडक त्यांना घातला. शहर झोपलेले असते तेव्हा ही माणसे बाजाराच्या गल्ल्यांतून फिरतात. त्यांची नावेही कोणाला ठाऊक नसतात.

बंगळूरच्या शिवाजीनगरात रात्री दुकाने मिटली की रसेल मार्केटच्या आसपास भाजीचा पाला, फुटलेले खोके आणि पाण्याची डबकी उरतात. दिवसभर ओझी वाहिलेले हमाल गाळ्यांच्या पायऱ्यांवर अंग टाकतात. शेवटच्या बसची माणसे त्यांच्या अंगावरून नजर फिरवून घाईने पुढे जातात. प्लेगच्या दिवसांत याच वस्तीतून माणसांना उचलून दुसरीकडे हलवावे लागले होते. तिथून जाताना ज्याने उंदरांची कविता वाचली आहे, तो कदाचित क्षणभर थांबेल. पायरीवर झोपलेल्या माणसाचे तोंड कोणत्या बाजूला आहे, त्याच्या अंगावर काही पांघरूण आहे का, एवढे तरी पाहील.